फासे, शेअर आणि शिस्त

शिस्तीने गुंतवणूक करणारा आणि शिस्तीने जुगार खेळणारा यांत फरक तो काय, असे कुत्सितपणे विचारले जाते. आम्हांस हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. दोघांतले साम्य खरेच आहे.

कॅसिनोतील 'क्रॅप्स' हा दोन फाशांचा खेळ पाहावा. फासे कसे पडतील यावर खेळणाऱ्याची काडीची सत्ता नसते. कोणती पैज घ्यायची, किती रक्कम लावायची आणि केव्हा उठायचे, एवढेच त्याच्या हाती असते. 'पास लाइन' या साध्या पैजेत ४९५ डावांत सरासरी २४४ जिंकले आणि २५१ हरले जातात. कॅसिनोचा वाटा सुमारे १.४१ टक्के. 'एनी सेव्हन' या पैजेत सात पडण्याची शक्यता सहांत एक. न्यायाने एकास पाच मिळावेत, मिळतात चार. येथे कॅसिनोचा वाटा १६.६७ टक्के होतो. फासे तेच, टेबल तेच. निवड तेवढी निराळी.

गुंतवणूकदाराचेही असेच. उद्याचा भाव त्याच्या हाती नाही. निवड, रक्कम आणि धीर हाती आहेत. बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४९ साली 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर'मध्ये मांडलेली 'मार्जिन ऑफ सेफ्टी' म्हणजे आपला अंदाज चुकेल हे धरून मूल्यापेक्षा बऱ्याच कमी भावात खरेदी करणे.

साम्य येथवरच. क्रॅप्सच्या टेबलावर शिस्तीने नुकसानीचा वेग मंदावतो, दिशा बदलत नाही. जितका अधिक वेळ बसावे तितके हरणे निश्चित होत जाते. शेअर हा चालत्या उद्योगातला हिस्सा असतो. उद्योग बुडूही शकतो. पण चांगला उद्योग नफा कमावतो, लाभांश देतो, वाढतो. तेथे काळ धीराच्या बाजूने उभा राहू शकतो.

मात्र शेअर बाजारातही फाशांची टेबले मांडलेली आहेतच. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, असे 'सेबी'च्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आढळले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. यांतील कित्येकांच्या वहीत नियम लिहिलेले असतील, ते पाळलेही गेले असतील. चुकीच्या पैजेवर पाळलेली शिस्त माणसाला शिस्तीनेच बुडवते.

महाभारताला हे ठाऊक होते. युधिष्ठिर नियम मोडणारा नव्हता. आव्हान नाकारायचे नाही हा त्याचा नियमच होता, आणि समोर शकुनी होता. वनवासात बृहदश्व ऋषी त्याला नळाची कथा सांगतात. राज्य द्यूतात घालवलेला नळ पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकतो, आणि ती विद्या येते कशातून? बेहड्याच्या झाडाची पाने व फळे मोजण्यातून! ऋतुपर्णाने सांगितलेला आकडाही नळ तसाच मानत नाही. रथातून उतरून स्वतः मोजतो.

'शिस्त' हा शब्द आज गुंतवणुकीच्या प्रत्येक जाहिरातीत आढळतो. आमच्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा गुण आहे. पहिला गुण मोजण्याचा. ज्याने आधी मोजले नाही, त्याच्या निग्रहाचे कौतुक टेबलाच्या मालकानेच करावे.