उसाच्या टॉनिकची बाटली आणि तापत चाललेला समुद्र

कोल्हापूर : शाहूपुरीतल्या एखाद्या खत-औषधांच्या दुकानात उसाच्या आळवणीसाठी काही मागितलं, की ह्युमिकसोबत समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली पुढे येतेच. करवीर, पन्हाळा, राधानगरीकडचे शेतकरी ती नेतात. पण हे शेवाळ पिकतं कुठं आणि तिथं सध्या काय चाललंय, हे दुकानात कुणी सांगत नाही.

या बाटल्यांत मुख्यतः दोन जातींचा माल असतो. एक अॅस्कोफायलम, ते नॉर्वे, आयर्लंड, कॅनडाच्या थंड पाण्यातलं. दुसरं कप्पाफायकस, त्याची आपल्या देशातली शेती मुख्यतः तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर होते. बांबूच्या तराफ्याला दोऱ्या बांधून त्यावर तुकडे लावायचे आणि साधारण 45 दिवसांनी काढणी करायची. या कामात महिला मोठ्या संख्येने आहेत.

आता समुद्राचं. माती परीक्षणात आपण सामू बघतो, तसा समुद्राच्या पाण्यालाही सामू असतो. कारखाने, गाड्या, कोळसा यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र शोषतो. त्यामुळे औद्योगिक युगापूर्वी 8.2 च्या आसपास असलेला सामू 8.1 वर आला. फरक किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की एवढ्यातच आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढते. समुद्र आंबट झाला असं नव्हे, तो अजून अल्कधर्मीच आहे.

मग कार्बन वाढला तर शेवाळाला फायदाच, असं कुणीही म्हणेल. काही जातींना होतोही. पण बहुतेक शेवाळं उसासारखी आहेत. ऊस हवेतला कार्बन आधीच पानात गोळा करून वापरतो, म्हणून हवेत तो वाढला तरी सोयाबीनइतका लाभ उसाला मिळत नाही. शेवाळंही पाण्यातला बायकार्बोनेट ओढून घेतात, त्यामुळे जादा कार्बनचं त्यांना फार अप्रूप नाही. अंगावर चुन्याचं कवच असलेल्या जातींचं मात्र नुकसानच होतं.

खरी अडचण उष्णतेची आहे. कप्पाफायकसला साधारण 25 ते 30 अंशांचं पाणी मानवतं. त्यावर गेलं की ताण येतो, फांद्या पांढऱ्या पडून तुटतात. या रोगाला ‘आइस-आइस’ म्हणतात, नाव बर्फाचं असलं तरी. 2013 नंतर तमिळनाडूत पीक मोठ्या प्रमाणावर मेलं आणि उत्पादन कोसळलं. शिवाय वरचं पाणी तापलं की खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि तळातलं नत्र वर येत नाही. म्हणजे उन्हाचा चटका आणि खताची कमतरता, दोन्ही एकदम. थंड पाण्याच्या जातींचीही सुटका नाही. 2011 च्या उष्णतेच्या लाटेत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सुमारे 100 किलोमीटर पट्ट्यातली शेवाळाची जंगलं गेली.

पुण्याच्या आयआयटीएममधले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या 2024 च्या अभ्यासानुसार हिंदी महासागर 1950 ते 2020 दरम्यान 1.2 अंशांनी तापला. समुद्री उष्णतेच्या लाटांचे दिवस पूर्वी वर्षाला सुमारे 20 होते. प्रदूषण असंच राहिलं तर शतकाअखेर ते 220 ते 250 वर जातील. सामूही 7.7 च्या खाली उतरू शकतो.

आणखी एक बाब उसकरी लगेच ओळखेल. कप्पाफायकस 1984 मध्ये भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने देशात आणलं. तेव्हापासून तुकडे तोडून तेच बेणं पुन्हा पुन्हा लावलं जातंय. बेणं जुनं झालं की ऊस कसा दगा देतो, हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने जिवंत शेवाळ आयात करण्याचे नियम जाहीर केले, त्यात विलगीकरणाची अट आहे. नवं बेणं आलं तरी तापलेल्या पाण्यात ते तगतं का, हे समुद्रातच ठरणार.

कोकणच्या खडकांवर शेवाळ आपोआप उगवतं, पण पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी आणि लाटा यामुळे तिथं बारमाही शेती जमत नाही. तेव्हा घाटाखालून स्वस्त माल येईल ही आशा तूर्त नको. कच्चा माल आखडला की भेसळीला वाव मिळतो. 2021 पासून असे अर्क खत नियंत्रण आदेशाखाली आलेत. बाटली घेताना लेबलवर शेवाळाची जात आणि प्रमाण वाचा, पक्की पावती मागा. अर्क टॉनिक आहे, खत नव्हे. त्याच्या भरवशावर युरिया-पोटॅशचा हप्ता चुकवला तर वजन काट्यावरच दिसेल.