रविवार कोणत्या मुलखाचा?

रविवारी सकाळी साडेअकरा वाजले की आमच्या बोईसरच्या घरातील झाडून सारी माणसे एका फोनभोवती गोळा होतात. नैरोबीत तेव्हा नऊ वाजलेले असतात. आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रसायनाच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज म्हणून उमेदीची वर्षे घालवून दोन वर्षांपूर्वी नैरोबीजवळच्या अथी रिव्हर येथील कारखान्याच्या करारनाम्यावर सही करून गेलेला माझा पुतण्या, त्याची पत्नी आणि दोन मुले त्या चौकोनात दाटीने दिसू लागतात. स्वयंपाक काय केला येथपासून चौकशीस आरंभ होतो आणि दीड-दोन तास तो दरबार चालतो. ही आमच्या कुटुंबाची सर्वांत मोलाची घटका आहे अशी माझी समजूत होती. गेल्या दिवाळीस ती मंडळी रजेवर आली असता सूनबाई मला एकांतात म्हणाली, “काका, तिकडे सहा दिवस कसे जातात ते कळत नाही, रविवार मात्र सरता सरत नाही.” तेव्हापासून या विषयाने माझ्या मनात घर केले आहे.

परदेशगमनाचा विचार करताना आपण पगार, घर, मुलांची शाळा आणि औषधपाणी यांची तजवीज पाहतो. सुट्टीच्या दिवसाची तजवीज कोणी पाहत नाही, कारण येथे ती कधी करावीच लागलेली नसते. विजेच्या भारनियोजनासाठी आपल्या औद्योगिक वसाहतींत साप्ताहिक सुट्टी निरनिराळ्या वारी वाटून दिलेली असते. त्यातच पाळ्यांचे चक्र, त्यामुळे पुतण्याची सुट्टी आणि मुलांचा रविवार यांची गाठ क्वचितच पडे. तरीही त्या घरास रिकामा दिवस असा ठाऊक नव्हता. सातपाटीच्या मासळीची पाटी दारावर येई, केळव्याच्या सुरूच्या बनात कोणाची तरी मंडळी उतरलेली असे, शितळादेवीचा नवस फेडायचा असे, चिंचणीच्या किनाऱ्यावर मुले संध्याकाळ संपवीत, आणि यांपैकी काहीच नसले तर विरारचा मामा पूर्वसूचनेवाचून गाडीतून उतरे. दिवस भरण्याचे काम आप्त, शेजारी आणि समुद्र परस्पर करून टाकीत.

मुळात आठवड्याची सुट्टी ही निसर्गदत्त वस्तू नव्हे. आपल्या कुणब्याचे बैल अमावास्येस सुटत. डोलीची जाळी लावणाऱ्या कोळ्यास उधाणाची ओढ असेपर्यंत उसंत नसे, आणि भांगाच्या मंद पाण्यात त्याला विसावा मिळे. रविवार आपणांस मिळवून दिला तो महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि सतत सहा वर्षे खटपट केल्यावर, 10 जून 1890 रोजी, मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आठवड्यातून सहा दिवस मालकाची चाकरी करणाऱ्या माणसाला एक दिवस स्वतःसाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. त्यातील ‘समाजासाठी’ हा शब्द मला आज विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण परक्या मुलखात गेलेल्या कुटुंबाच्या रविवारातून नेमका तोच नाहीसा होतो.

अथी रिव्हरचा तो दिवस सूनबाईने मला तपशीलवार सांगितला. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तेथे बाराही महिने सायंकाळी साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो. वसाहतीभोवती उंच भिंत, फाटकावर अस्करी, म्हणजे पहारेकरी, आणि अंधार पडल्यावर पायी बाहेर न पडण्याची सक्त ताकीद. सकाळ आमच्या फोनमध्ये जाते, दुपार झोपेत, आणि संध्याकाळ मुळी येतच नाही. भिंतीपलीकडे मात्र भरगच्च रविवार चाललेला असतो: प्रार्थनामंदिरांतून समूहगायनाचे सूर येतात, निखाऱ्यांवर बकऱ्याचे मांस भाजले जाते, आणि त्याच्यासोबत कांदा-टोमॅटोची जी कोशिंबीर वाढतात तिला तेथील लोक ‘कचुंबरी’ म्हणतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणणारी ती स्वाहिली भाषा आपल्या माणसाला इतकी परकी वाटण्याचे कारण नाही. तीत तास सूर्योदयापासून मोजतात, जशा आपल्या पूर्वजांच्या घटिका मोजल्या जात. म्हणून आमचा फोन जातो तेव्हा तेथील भाषेत सकाळचा तिसरा तास असतो. शनिवार ‘जुमामोसी’, पहिला; रविवार ‘जुमापिली’, दुसरा. शुक्रवारच्या नमाजानंतर नवा आठवडा धरण्याची ती रीत आहे. आणि गोरगरिबांच्या ताटातील रोजच्या पालेभाजीचे नाव ‘सुकुमा विकी’, ज्याचा शब्दार्थ ‘आठवडा ढकल’. दिवस ढकलणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे तिच्या भाषकाला ही भाजी समजावून सांगावी लागू नये. पण दोन वर्षांत आमच्या घरातील कोणी ती चाखलेली नव्हती.

याचा दोष मी त्या तरुण दांपत्यास देणार नाही. दोष आमच्याकडे, येथे मागे राहिलेल्यांकडे, अधिक आहे. त्यांच्या रविवारची सकाळ आम्ही हक्काने ताब्यात घेतली आणि त्या मोबदल्यात आठ वर्षांच्या मुलाला तेथील एकही मित्र मिळू दिला नाही. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, ही फार मोठी सोय आहे, आणि गणेशोत्सवात त्याचा आधार वाटतो. परंतु आपल्याच माणसांच्या वर्तुळातून निघून आपल्याच माणसांच्या दुसऱ्या वर्तुळात जाणे म्हणजे त्या देशात राहणे नव्हे. औंधच्या राजघराण्यातील आप्पासाहेब पंत 1948 साली स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले, तेव्हा वर्णभेदाच्या त्या वसाहतीत आफ्रिकी माणसाशी बरोबरीने बसणे हेच एक धाडस होते. त्यांनी आफ्रिकी पुढाऱ्यांशी स्नेह जोडला, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या आणि त्यापायी गोऱ्या अंमलदारांचा रोष पत्करला. आज तेथे गेलेल्या मराठी माणसास असे कोणतेच मोल द्यावे लागत नाही. फाटक उघडून बाहेर पडावे लागते, एवढेच.

त्याच पूर्व आफ्रिकेतील रवांडात महिन्याच्या अखेरच्या शनिवारी सकाळी ‘उमुगांडा’ असतो: रस्ते, नाले, शाळा यांच्या कामास प्रत्येक धडधाकट प्रौढ नागरिकाने शेजाऱ्यांसह हजर राहावे असा दंडक आहे. सक्तीची ही रीत मला सर्वस्वी मान्य नाही. परंतु खांद्याला खांदा लावून काम केल्यावाचून शेजार होत नाही, ही त्यामागची जाण खरी आहे. आपल्या बोईसरच्या चाळींतून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून गावाकडे तासन् तास बोलत असतात. हे लोक येथे मिसळत नाहीत अशी तक्रार मी स्वतः केलेली आहे. सूनबाईचे बोलणे ऐकल्यापासून ती तक्रार माझ्या तोंडून निघत नाही.

मी घरात असे सुचविले आहे की फोन बुधवारी रात्री व्हावा, तोही अर्धा तास, आणि रविवार त्या चौघांचा त्यांना परत द्यावा. पुतण्याने ते मान्य केले. गेल्या रविवारी ती मंडळी शेजारच्या एका केन्याई कुटुंबाकडे जेवावयास जाणार होती. पुतण्याची आई, माझी वहिनी, मात्र राजी नाही. साडेअकरा वाजता ती सवयीने पलंगावर येऊन बसली. मी तिला केळव्यास चलण्याचा आग्रह केला, आणि ती आली. पण सुरूच्या सावलीत बसेपर्यंत तिने तो फोन पदराखाली घट्ट धरून ठेवला होता.