मधमाशीचा घात, टॉवरवर आळ!



मोबाईलच्या टॉवरने मधमाश्या संपवल्या, असे पारावर बसून आपणही छातीठोक सांगतो. ही आवई आली कोठून? २००६-०७ च्या हिवाळ्यात अमेरिकेत माश्यांच्या पेट्या ओस पडल्या. राणी आत, मध आत, कामकरी माश्या बेपत्ता! एप्रिल २००७ मध्ये लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ वृत्तपत्राने मोबाईलवर संशय घेतला. आधार काय? जर्मनीतील लँडाऊ विद्यापीठाचा एक लहानसा प्रयोग. त्यात पेट्यांत ठेवले होते घरगुती बिनतारी फोनचे यंत्र. मोबाईल नव्हताच! संशोधकांनीच तसे सांगितले. पण तोवर आवई गावोगाव पोचली.

शास्त्रज्ञांनी बोट ठेवले ते व्हरोआ नावाच्या परजीवी किडीवर, विषाणूंवर, उपासमारीवर आणि कीटकनाशकांवर. युरोपने २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन उघड्या शेतात बंद केली.

यातली पहिली दोन नावे ओळखीची आहेत ना? सरकीला चोळून येणारे रंगीत औषध बहुधा यातलेच. मावा-तुडतुड्यांवरचा फवाराही यातलाच. टॉवरला शिव्या देऊन आपण औषध विकणाऱ्याला फुकट सोडतो! तिकडे बंद, मग इकडे चालू का? जिल्ह्याच्या बैठकीत हा प्रश्न कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

आपलाही हात तपासा. पऱ्हाटी फुलावर असताना सकाळी फवारू नका. माशी गेली तर सूर्यफूल पोचट, कांद्याचे बी पोकळ. तो तोटा टॉवरवाला भरून देणार नाही, आणि औषधवाला तर नाहीच नाही!