लघवी तपासली, पण काय तपासले?

लघवीला आग झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धन्याचे पाणी, सब्जा, ताक. तरी थांबले नाही तर मेडिकलमधून दोन गोळ्या. गरोदर सुनेलाही हाच उपाय होतो, आणि आमचा विरोध त्यालाच आहे.

गरोदरपणात लघवी साचून राहते, जंतूंना वाढायला वेळ मिळतो. शंभर गरोदर बायांपैकी दोन ते दहा जणींच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना ना आग होते, ना ताप येतो. उपचार झाला नाही तर काहींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. मग थंडी वाजून ताप, कमरेत कळ, कधी दिवस भरण्याआधीच बाळंतपण. सिकलसेलच्या रुग्ण बाईला हा धोका जास्त, आणि सिकलसेल आपल्या घराघरात ठाऊक आहे.

आम्ही वस्तीत विचारतो, लघवी तपासली का? ‘हो ताई, पट्टी बुडवून पाहिली.’ ती पट्टी बहुधा प्रथिने आणि साखर पाहते. तीही हवीच, पण जंतू सापडतात ते कल्चरमध्ये. त्यात जंतू वाढवून पाहतात, दोन-तीन दिवस लागतात, आणि कोणते औषध त्यांच्यावर चालेल तेही कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदर बायांसाठी हीच तपासणी सुचवली. मग आमगावच्या बाईला ती सहज का मिळू नये? लस थंड डब्यातून गावोगाव पोचते. तशीच लघवीची बाटली गोंदियाला जाऊ शकते. पोट घेऊन बाईने कशाला जायचे?

आता त्या दोन गोळ्यांचे. अर्धवट औषधाने कमजोर जंतू मरतात, दांडगे उरतात आणि वाढतात. पुढच्या खेपेला स्वस्त गोळी चालत नाही, सुया घ्याव्या लागतात, दवाखान्यात पडून राहावे लागते, घरच्यांची मजुरी बुडते. गरोदर बाईची तर दुहेरी अडचण. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे तिला टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन देतात, पण दिवस भरत आले की तेही नाही. मुळात पर्याय थोडे, त्यातले आपणच निकामी करतो. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका, दुकानदाराने दिली तरी घेऊ नका. जावेची उरलेली तर नाहीच.

सासूबाईंना एक सांगणे आहे. रोवणीच्या दिवसांत बांधावर आडोसा नसतो म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. पोटुशीला तरी तसे राहू देऊ नका.

नाव नोंदवतानाच कल्चरचे विचारा. राहून गेले असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे विचारा. नाही म्हणाले तर आशाताईला सोबत घेऊन लेखी अर्ज द्या. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत.