संगीतशिक्षकाचे ऋण

निगडी प्राधिकरणातील एखाद्या घरातून सायंकाळी पेटीचे सूर ऐकू आले, तर येणारा-जाणारा थबकत नाही. कारखान्यांत व कचेऱ्यांत राबणाऱ्यांची मुले मासिक शुल्क भरून गाणे शिकतात, ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ अशा परीक्षांना बसतात, हे आता अंगवळणी पडले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ही विद्या घराण्यांत कोंडलेली होती आणि गवई हा बहुधा दरबाराचा आश्रित होता. ही स्थिती पालटण्यासाठी पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी जी किंमत मोजली, तिचा हिशेब समाजाने अद्याप चुकता केलेला नाही.

१८७२ साली कुरुंदवाड येथे जन्मलेल्या पलुस्करांची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी तालीम घेतली. १८९६ मध्ये मिरज सोडून ते देशभर हिंडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. या संस्थेचा आधार दरबार नव्हता. लोकांच्या देणग्या आणि स्वतः पलुस्करांच्या जलशांचे उत्पन्न हाच तो होता. त्यांनी अभ्यासक्रम आखला, स्वरलेखनाची पद्धती सिद्ध केली, क्रमिक पुस्तके छापली. भक्तिपदांना त्यांनी चाली दिल्या. ‘रघुपति राघव’ या रामधुनेची सर्वपरिचित चाल त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे शिक्षक व्हावयाचे होते अशा विद्यार्थ्यांना ते पदरी ठेवून, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार सोसून शिकवीत.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय काढले. तेथील इमारतीसाठी कर्ज झाले, ते फिटले नाही आणि १९२४ च्या सुमारास ती वास्तू हातची गेली. १९३१ मध्ये मिरजेस त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन करून परीक्षांची परंपरा पुढे चालविली.

परीक्षांनी कलावंत घडत नाहीत, हा आक्षेप जुनाच आहे. परंतु ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास हे याच विद्यालयाने दिले. आणि जाणता श्रोता घडविणे हेही पलुस्करांचे तितकेच महत्त्वाचे उद्दिष्ट होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर अशा शिक्षणाचा लाभ शुल्क देणाऱ्यापुरता राहत नाही; तो साऱ्या समाजात झिरपतो. म्हणूनच त्याचा खर्च एकट्या शिक्षकाच्या व विद्यार्थ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

यंत्रविद्येच्या शिकवणीसाठी कर्ज काढणारा पालक संगीतशिक्षकाच्या शुल्कात घासाघीस करतो, तेव्हा मुंबईच्या त्या इमारतीचीच कथा लहान प्रमाणात पुन्हा घडत असते. उद्योगनगरीतील प्रत्येक सार्वजनिक शाळेत पूर्ण वेतनाचा संगीतशिक्षक असावा आणि शाळांच्या खोल्या सायंकाळी अल्प भाड्याने संगीतवर्गांना मिळाव्यात, एवढी तरतूद झाली तरी पुष्कळ होईल. पुण्यतिथीच्या हारांपेक्षा पलुस्करांचे ऋण त्यानेच अधिक फिटेल.