आकाशातला एक तास

सांगलीच्या हळद व्यापाऱ्याची वा साताऱ्याच्या कारखानदाराची सकाळी मुंबईत बैठक असेल, तर विमानाचा मोह कितपत शहाणपणाचा? कवलापूर व कराड येथे धावपट्ट्या असल्या, तरी प्रवासी विमानासाठी कोल्हापूर वा पुणे गाठावे लागते. आकाशातला एक तास मोजायचा आणि रस्त्यावरचे, तपासणीच्या रांगेतले तास सोडून द्यायचे, असला हिशेब पेढीवर कोणी खपवून घेणार नाही! उलट रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस झोप आटोपून सकाळी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. मुक्कामाचा खर्चही वाचतो. दिल्ली-कोलकात्याची गोष्ट अर्थातच निराळी; तेथे विमानच हवे.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या ओसाड माळावर कारखाना उभारला, तो कुंडल रोड स्थानकाजवळ. पुढे स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. लोहमार्गाचे मोल त्या उद्योजकाने नेमके जाणले होते. आज विमानतळाची मागणी हिरिरीने होते. रात्रीच्या गाडीतील शायिकांविषयी मात्र कोणी बोलत नाही. व्यापारी संघटनांनी त्यासाठी पुण्याच्या विभागीय रेल्वे कार्यालयाचे दार आधी ठोठावावे.