विरजण कोणीं बिघडविलें?

रत्नागिरीकडे ताकावांचून जेवणाची सांगता होत नाहीं. आमच्या लहानपणीं, १९६० नंतरच्या दशकांत, एखादे दिवशीं विरजण लागलें नाहीं कीं घरांत गहजब होई; आणि ‘बाहेर’ असलेल्या सुनेचा हात भांड्याला लागला, हा निवाडा ठरलेलाच असे. आमच्या धाकट्या काकूंनीं तो कितीदां निमूटपणें ऐकला! आम्हां मुलांसही तो खराच वाटे.

खरीं कारणें निराळीं आहेत. दूध फार कढत असल्यास विरजणांतील जीवाणू मरतात. थंड असल्यास सुस्त राहतात. दुखणाईत गाईस टोचलेलें औषध दुधांत उतरल्यासही दहीं लागत नाहीं. चौथें कारण मात्र नवलाचें आहे. जीवाणूंनाही मारणारे विषाणू असतात! चीज करण्याचें विरजण अशा विषाणूंमुळें निकामी होतें, हें न्यूझीलंडांत व्हाइटहेड व कॉक्स यांनीं १९३५ सालीं दाखविलें.

हा विषाणू चोरासारखा जीवाणूच्या घरांत शिरतो, आंत आपल्या प्रती करवून घेतो आणि घर फोडून बाहेर पडतो. परंतु गांठोडें बांधतांना क्वचित् चूक होते. जनुकें म्हणजे सजीवाच्या गुणांची वही. विषाणूच्या वहीऐवजीं यजमानाच्याच वहीचीं पानें गांठोड्यांत जातात. तें गांठोडें दुसऱ्या जीवाणूच्या घरीं पडलें, तर तो मरत नाहीं. उलट त्यास नवी विद्या लाभते. झिंडर व लेडरबर्ग यांनीं ही देवघेव १९५२ सालीं प्रथम उजेडांत आणिली. दुधांतील साखर आंबविण्याची शक्ति नसलेल्या जीवाणूस ती याच मार्गानें मिळते, हें अमेरिकेंत मॅके व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं सिद्ध केलें. काकतालीय न्याय म्हणतात तो हाच!

घरच्या विरजणांत नाना जातींचे जीवाणू एकत्र नांदतात. विषाणू एकावर तुटून पडला तरी दुसरे काम सांभाळतात. कारखान्यांत निवडक जातींवरच भिस्त असल्यास हानि मोठी होते. एकत्र कुटुंबांतील वाचकांस याचें मर्म सांगावयास नको.

तेव्हां दहीं बिघडूं लागल्यास दूध कोमट आहे कीं नाहीं तें पाहावें, भांडें उकळत्या पाण्यानें धुवावें आणि शेजारचें विरजण आणावें. आमच्या काकू आतां नाहींत. त्यांची क्षमा मागण्याची वेळ आम्हीं दवडली. ज्यांच्या घरीं अजून सुनेस बोल लागतो, त्यांची ती वेळ गेलेली नाहीं.